चोपन्नची फ्रेम

सोमनाथ आहेर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मीटर तपासायच्या खात्यात होता. दाबाचा काटा केसभर इकडेतिकडे झाला की त्याच्या जिवाला चैन पडत नसे. अशा माणसाने स्वतःची उंची मात्र चक्क चार इंच वाढवून ठेवली होती, तीही अकरा वर्षांपासून.

दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. लग्नाच्या वेळी बायोडाटा लिहायला मामा बसले होते. ‘पाच फूट तीन’ ऐकल्यावर त्यांनी कागदावरचं पेन उचललं. “पोरगी पाच-तीन हाय. बरोबरीचा नवरा कोण करंल? पाच-सात लिव्हतो. बघायच्या दिवशी खुर्चीतून उठू नको.” बायोडाट्यात आपल्याकडे उंची वाढते, पगार वाढतो, रंगही उजळतो, त्यात नवल नाही. सोमनाथ पोहे संपून चहा येईपर्यंत खुर्चीला चिकटून बसला आणि लग्न जमलं. पुढे घरात उंचीचा विषय कधी निघालाच नाही. त्यामुळे बायकोला यातलं काही कळलेलं नाही, अशी या शहाण्याची पक्की समजूत होती.

आणि आता, २००७ सालच्या एका रविवारी सकाळी, तो नाशिकरोडला झुंबरशेठच्या सायकलच्या दुकानात बायको स्नेहलसोबत उभा होता. वाकड्या हँडलच्या रेसरसाठी तो शाळेत असल्यापासून झुरत होता. तेव्हा वाट्याला आली वडिलांची चोवीस इंची काळी सायकल, तीही दांड्याखालून पाय घालून चालवायची. आता प्लँटमधले सहाजण दसऱ्याआधी सायकलने वणीला निघणार होते. सोमनाथने आपलं नाव सगळ्यात आधी दिलं होतं.

“उंची किती साहेब?” झुंबरशेठने ऑर्डरची वही उघडली. “मुंबईवरून मागवायची हाय. एकदा आली की परत नाय जात. माप चुकलं तर पाठ धरून बसाल.”

सोमनाथने घसा साफ केला. तेवढ्यात स्नेहल म्हणाली, “पाच फूट सात.”

झुंबरशेठने चष्म्यावरून सोमनाथला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही. “पाच-सातला चोपन्न सेंटिमीटरची फ्रेम लागती,” तो म्हणाला. “पण उंचीपेक्षा पायाचं माप खरं. चपला काढा, भिंतीला टेकून उभे राहा. ही डिरेक्टरी दोन पायांमधी वरपर्यंत घट्ट धरायची. मी पेन्सिलीनं खूण करतो.”

टेलिफोनची ती जाडजूड डिरेक्टरी पाहून सोमनाथ एक पाऊल मागे सरकला. “काही गरज नाही,” तो घाईघाईने म्हणाला. “चोपन्नच बसेल.”

“घ्या ना मोजून,” स्नेहल म्हणाली. “तुम्ही तर दूधवाल्याचं मापसुद्धा तपासता.”

“नको म्हटलं ना!”

झुंबरशेठने वाद घातला नाही. एका डॉक्टरांची चोपन्नची सायकल दुरुस्तीला आली होती, ती त्याने रस्त्यावर आणून ठेवली. “मग एक चक्कर मारून बघा.”

सोमनाथ फुटपाथच्या कडेवरून कसाबसा वर चढला. सीट अगदी खाली घेतली तरी पेडल खाली गेलं की फक्त चवडा टेकायचा. हँडल इतकं लांब की तो सायकलवर बसल्यापेक्षा पसरल्यासारखा दिसत होता, आणि ब्रेकपर्यंत बोटं जेमतेम पोचत होती. जाताना गंमत वाटली. परत येऊन थांबायची वेळ आली तेव्हा पाय जमिनीपर्यंत गेलाच नाही. सायकल हळूहळू कलली आणि साहेब पेरूच्या हातगाडीवर जाऊन टेकले. चार पेरू रस्त्यावर गडगडले. गाडीवालीने त्याचा असा उद्धार केला की समोरचा चहावालाही ऐकत उभा राहिला.

स्नेहलने पेरू गोळा करून दिले. सोमनाथ शर्ट झटकत दुकानात आला. झुंबरशेठचं पेन वहीवर टेकलेलंच होतं.

“लिहू का चोपन्न?”

सोमनाथने भिंतीवरच्या कॅटलॉगमधल्या लाल रेसरकडे पाहिलं. चोपन्न म्हटलं की ही सायकल आयुष्यभर गॅलरीत उभी राहणार आणि वणीला बाकीचे पाचजण जाणार. खरं बोललं तर अकरा वर्षांची अब्रू आत्ता, या ग्रीसच्या वासात जाणार. बायकोकडे बघायची हिंमत होईना, म्हणून तो टायरच्या थप्पीकडे बघून बोलला.

“एकोणपन्नासची असेल तर तीच लिहा. माझी उंची पाच फूट तीन आहे.” मग आवाज आणखी खाली गेला. “स्नेहल, बायोडाट्यात खोटं लिहिलं होतं.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“अंतरपाट खाली आला तेव्हापासून. तुमचे डोळे माझ्या डोळ्यांच्या सरळ समोर होते.”

झुंबरशेठ एकदम स्पोक मोजायला लागला.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? आणि आत्ता पाच-सात कशाला सांगितलंस?”

“तुम्ही लिहून दिलेली उंची मी कशाला खोटी पाडू? वाटायचं, एक दिवस आपणहून सांगाल.” ती हसली, पण हसताना तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “सपाट चपला घालून घालून कंटाळले हो मी.”

सोमनाथने तिच्या पायांकडे पाहिलं. अकरा वर्षांत ते कधी नीट पाहिल्याचं त्याला आठवेना. लग्नाचे वाढदिवस, भाचीचं लग्न, बारसं, कुठेही बाकीच्या बायका टकटक करत चालायच्या आणि ही बिनआवाजाची त्याच्या शेजारी असायची. त्याला स्वतःची फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल प्रेम वाटलं.

तो भिंतीला टेकून अनवाणी उभा राहिला. डिरेक्टरी धरली, पेन्सिलीची खूण झाली, ऑर्डर लिहून झाली. मग दोघं रस्ता ओलांडून समोरच्या चपलांच्या दुकानात गेली. स्नेहलने दोन इंच टाचेचा काळा जोड पायात घातला, उभी राहिली आणि जरा डगमगली. तोल सांभाळायला तिने हात ठेवला तो त्याच्या खांद्यावर.

“जास्त उंच वाटते का?”

सोमनाथने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “तीन इंचाची दाखवा,” तो दुकानदाराला म्हणाला.