बंड्याचं जेवण

बाळासो माने एसटीत ड्रायव्हर होते. राधानगरीच्या घाटात धुक्यात गवा आडवा आला तरी स्टिअरिंगवरचा हात कधी थरथरला नाही, असं ते स्वतःच गल्लीभर सांगत आणि गल्लीही बिचारी ऐकून घेई. हाच वाघ मे महिन्यातल्या एका रविवारी भर दुपारी शेजाऱ्यांच्या परसात गुडघे टेकून एका कुत्र्यापुढं हात जोडत होता.

"बंड्या, माझ्या राजा, गिळ की रं! न्हायतर ओक. कायतरी कर की!"

बंड्या काहीच करत नव्हता. मान लांब करून घशातून घरघर आवाज काढत होता आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

हे घर जिनेंद्र आणि चंदना मगदुमांचं. मुलांच्या सुट्टीत सगळे हिमाचलला गेले होते आणि जाताना घर, कुंड्या आणि बंड्या बाळासोंच्या हवाली करून गेले होते. घर कडक जैनांचं. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार, आणि बंड्याही त्यांच्याच पंक्तीतला. दूध-भाकरी, तूप-भात, तेही उजेड असेपर्यंत. निघताना चंदनानं एवढंच बजावलं होतं, "काका, फाटकाच्या आत मटण-अंडं काही आणू नका. बाकी घर तुमचंच." बाळासोंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

आणि तो शब्द त्यांनी आज मोडला, तो का तर म्हणे दया आली! रविवारचं मटण त्यांच्या घरी शिजलं होतं. ताटावर बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, कोल्हापुरात जन्म घेतला आणि या जीवानं अजून हाडूक चाखलं नाही. काय हे कुत्र्याचं जगणं! मग चांगली मांस लागलेली हाडं कागदात बांधून ते भिंतीकडंनं चोरासारखे परसात शिरले. बंड्यानं आधी वास घेतला, मग बाळासोंकडं बघितलं, आणि मग असा काही तुटून पडला की बाळासोंना हसू आवरेना. ते हसत असतानाच बंड्या ठसकला.

त्यात नेमका चंदनाचा फोन आला.

"काका, जेवला का आमचा बंड्या?"

"जेवला की! दूध-भाकरी. चाटून पुसून."

"दाखवा की जरा."

"झोपलाय, ताई. कशाला उठवायचं?"

फोन ठेवून बाळासोंनी पाण्याची वाटी बंड्याच्या तोंडाला लावली. पण बंड्याला पाणीही उतरत नव्हतं, तोंडात घातलेलं तसंच बाहेर येत होतं. हा मेला तर? मुलं परत आल्यावर फाटकातूनच त्याला हाका मारतील, तेव्हा काय सांगायचं? आणि खरं सांगितलं तर? बाळासोंचा मुलगा विश्वजित जिनेंद्रच्याच कारखान्यात कामाला होता आणि पुढच्या महिन्यात तो कायम व्हायचा होता. घर बाटवणाऱ्याच्या पोराला कोण कायम करतंय? बाळासोंना खरंच भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा.

शेवटी त्यांनी बंड्याला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा पकडली.

बंड्याच्या नेहमीच्या डॉक्टर अस्मिता दवाखान्याच्या वरच राहत. जेवणावरून उठून त्या खाली आल्या. बंड्याचा जबडा उघडून त्यांनी बॅटरी मारली, पण घशात दिसेल असं काही नव्हतं.

"काय खाल्लं यानं? हाड-बिड?"

बाळासो बंड्याची चादर उगाच नीट करत राहिले. डॉक्टरांनी वाट बघितली नाही, सरळ मालकिणीलाच व्हिडिओ कॉल लावला.

"हाड?" चंदना पलीकडून जवळजवळ ओरडलीच. "शक्यच नाही, डॉक्टर! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि काका तर देवमाणूस आहेत. मागच्या आठवड्यात निघताना गुलाबाला औषध मारलंय, तेच चाटलं असणार यानं. विष उतरवा आधी!"

देवमाणूस! बाळासोंना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला घेतलं. "मग उलटी करवूया. विष बाहेर पडेल. फक्त टोकदार काही अडकलेलं असलं तर हे देता येत नाही, अन्ननलिका फाटून जाईल." त्यांनी बाळासोंकडं बघितलं. "तुम्ही दिवसभर जवळ होता ना? तसं काही नाही, नक्की?"

फोनमधून चंदनाच बोलली, "नाही हो, नक्की नाही! द्या तुम्ही."

बाळासोंना विश्वजितचा चेहरा दिसला. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? विष म्हणूनच सगळे हळहळले असते. बंड्या टेबलावर आडवा पडून त्यांच्याकडंच बघत होता, दुसऱ्या कुणाकडं बघायचं त्याला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी त्याच्या मांडीवरची कातडी चिमटीत धरली.

"थांबा!" बाळासो एवढ्यानं ओरडले की डॉक्टर दचकल्या. "हाडूक हाय. मटणाचं. म्या घातलंय, माझ्या हातानं. परसात."

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली. फोनमध्ये चंदनाचा चेहरा हलतच नव्हता, आणि रेंज गेली की काय असं बाळासोंना क्षणभर वाटलं. रेंज गेली असती तर त्यांनी देवाला नारळ फोडला असता.

मग एक्स-रे झाला. अन्ननलिकेत आडवी बसलेली हाडाची टोकदार कपची सगळ्यांना दिसली. भूल देऊन, नळी घालून डॉक्टर ती काढत होत्या तेवढा वेळ बाळासो बाहेरच्या बाकावर हातात डॉक्टरांचा चालू फोन धरून बसले होते. पलीकडून चंदनाच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता. शिव्या घाल बाई, ते मनात म्हणत होते, पोराला काढून टाक, पण बोल कायतरी.

डॉक्टर बाहेर आल्या. "निघालं. वाचला. ते इंजेक्शन दिलं असतं तर हातातनं गेला असता."

"ऐकलं का, ताई?" बाळासोंनी विचारलं. आता शिव्या येणार, असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काका," चंदना नाक ओढत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "खाताना... आवडलं का हो त्याला?"

घाटातला हा ड्रायव्हर भर दवाखान्यात हमसून हमसून रडायला लागला.

"लई, ताई," ते कसेबसे म्हणाले. "लई आवडलं."