हत्यारांची पेटी

जुन्नरात शफीचाचांनी बसवलेलं दार पावसाळ्यात फुगत नाही, असं लोक सांगतात. वैजयंतीच्या घरचं दार तर तिच्या जन्माआधीचं. म्हणून चॅनेलनं जुन्या कारागिरांवर बातमी मागितली, तेव्हा ती चॅनेलचा बूम माइक घेऊन थेट चाचांच्या सुतारकामाच्या दुकानात गेली. कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, यात काय? चाचा अभिमानानं म्हणाले, "हत्यारं हायती. आज्यापासून जपल्याती."

सुतार रंध्याला हत्यार म्हणतो, न्हावी वस्तऱ्याला. हे शेंबडं पोरही सांगेल. पण मुंबईच्या ऑफिसात बसलेल्यांनी 'शफी' वाचलं आणि पुढचं काही त्यांना ऐकूच आलं नाही. दुपारी पट्टी झळकली: 'जुन्नरच्या दुकानात हत्यारांचा साठा?' प्रश्नचिन्ह आपलं, उद्या अंगाशी येऊ नये म्हणून. खाली वैजयंतीचं नाव.

तिनं फोन केला. बातमी जोरात चाललीय, राहू दे, असं उत्तर मिळालं. शरमेनं अर्धमेली होऊन ती दुकानाकडे धावली.

दुकानाबाहेर ही गर्दी, आणि चाचा पायरीपुढे सतरंजी अंथरून, पेटी उघडून बसलेले. शटर ओढून घरी बसले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण लपणं त्या माणसाच्या हाडातच नव्हतं. ती माफी मागायला लागली, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"रडू नगं, पोरी. क्यामेरा लाव. एकेकाचं नाव सांगतो."

चॅनेलच्या पेजचा पासवर्ड तिच्याकडे होता. तिनं सरळ लाइव्ह सुरू केलं. रंधा, वाकस, पटाशी, गिरमिट. कशानं कुणाचं काय घडवलं तेही चाचा सांगत गेले: अमृतलाल शेठचं कपाट, निमगाव सावाच्या गेणूचं जू. मग गर्दीतलेच लोक आपापली दारं-पाळणे आठवून भर घालू लागले. असा माणूस आपल्या गावचा आहे, या विचारानं वैजयंतीचा ऊर भरून आला.

संध्याकाळी पट्टी उतरली, आणि वैजयंतीची नोकरीही गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा माणूस येऊन बूम घेऊन गेला.

चाचांना कळलं तेव्हा ते करवतीच्या दातांना कानस मारत होते. हात थांबला.

"मंजी माज्यापायी तुजं हत्यार गेलं."

"ते त्यांचं होतं, चाचा." तिनं मोबाइल काढून पेटीच्या कडेवर ठेवला. "माझं हे."

चाचांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग रंधा पुसायच्या फडक्यानं त्याची काच पुसली आणि दोन्ही हातांनी तिला परत दिला.