जिभेची सही

लेकीने चाचणीचा कागद बापाच्या पुढ्यात आपटला. "बाबा, कालचा घाणा कच्चा आहे. विष मर्यादेच्या पाचपट भरतंय."

बाप औषधाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बचनागाची मुळं उकळत होता. उकळून झाली की चिमूटभर चुरा जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, क्षणभर थांबायचं आणि थुंकायचं. मुंग्या आल्या तर मुळं पुन्हा कढईत, नाही आल्या तर घाण्यांच्या वहीत सही. सगळे त्याला जिभेश्वर म्हणत, आणि तोही ते पदवीसारखं मिरवी.

"जीभ गप्प, म्हणजे विष गेलं," तो म्हणाला. "तुझं प्रयोगशाळेतलं यंत्र परवा आलं. ही जीभ माझ्याबरोबर जन्मलीय."

"मग तीही साठीला आली असेल."

टेबलापलीकडे कारखान्याचे साहेब हसले. "बापलेकीचं घरी मिटवा. गाडी भरलीय. बॉयलर आठवडाभर रडतोय, एक घाणा निघालाय तर जाऊ दे."

"बॉयलर रडतोय म्हणूनच घाणा कच्चा राहिलाय, साहेब."

बचनाग हा फुलझाडांच्या एका फार जुन्या घराण्यातला. एकाच घरात साधूही जन्मतो आणि दरोडेखोरही, तसं या कुळात आहे. पावावर भुरभुरायची कलौंजी याचीच भाऊबंद. देवाने झाडाला पळायला पाय दिले नाहीत. लाखो वर्षं जनावरं मुळं उकरून खात राहिली, आणि ज्या रोपांची मुळं जहरी निघाली, तीच बी धरायला उरली. त्या जहराचं माणसाने सांधेदुखीवर औषध केलं, पण एक अट पाळून: तासन्‌तास उकळायचं. उकळत्या पाण्यात विषाच्या रेणूला चिकटलेले दोन तुकडे एकामागून एक गळतात आणि त्याची नांगी बोथटते. अट मोडली, तर दुखरा गुडघा राहतो बाजूला आणि काळजाचा ठोकाच चुकतो.

लेकीने खिशातून अक्कलकाऱ्याच्या मुळाची काडी काढून तिचे तीन तुकडे केले. "हे विषारी नाही. चावा. साहेब, तुम्हीही."

तिने आपला तुकडा आधी दाताखाली धरला. साहेबांनी चावला, आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. तोंडाला पाणी सुटलं, जीभ झिणझिणली, त्यांना टेबलावरचा रुमाल सापडेना.

बाप शांतपणे चावत होता. "लाकूड आहे," तो म्हणाला. मग त्याने साहेबांकडे पाहिलं, लेकीच्या ओठांवरच्या लाळेकडे पाहिलं, आणि त्याचं चावणं थांबलं.

"कधीपासून, बाबा?"

"ते मला कसं कळणार?" तो खेकसला. "ती गेली हे मला सांगायला तीच होती ना!"

"रोज विष चाखून जीभ मारलीत, आणि तिच्या भरवशावर लोकांची म्हातारी माणसं सोडलीत. तीन महिने सांगतेय, घाणे आधी माझ्याकडे पाठवा. तुम्ही म्हणालात, पोरीने बापाला शिकवू नये."

साहेब रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "बरं, ही गाडी थांबवतो. मागचं उकरू नका. कुणाची तक्रार नाही. उगाच यांच्या एकतीस वर्षांवर बोळा फिरेल."

"मेलेला तक्रार करायला येतो का?" बाप उठला. राग लेकीवर होता, साहेबांवर होता, आणि सगळ्यात जास्त तोंडातल्या त्या मांसाच्या तुकड्यावर. त्याने कपाटातून घाण्यांची वही ओढून काढली. "तू सांगतेयस तेव्हापासूनचं, तीन महिन्यांचं सगळं परत बोलवायचं. माझी सही आहे, मीच बोलावणार."

साहेबांनी वहीवर हात ठेवला. बापाने तो उचलून बाजूला केला, कढईवरून झाकण काढावं तसा.

लेक फोनपाशी बसली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. पहिल्या दुकानदाराने फोन उचलला, तशी ती बापाला म्हणाली, "घाण्यांचे नंबर वाचा. आणि तोंडातल्या तोंडात नको, मोठ्याने."

बाप वाचू लागला.