हळदीच्या दिवशीची झोप

बळीराम सकाळपासून लेकीच्या खोलीबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला होता. कुकरची शिट्टी नको म्हणून त्याच्या बायकोने, भामाने, भात पातेल्यात शिजवला होता. लेक दिपिका विमानात एअर होस्टेस. सकाळी सहाला ड्युटी संपली, रात्री आठला पुन्हा हजर व्हायचं. मधली विश्रांती नियमाप्रमाणे मिळालेली, एक मिनिट कमी नाही. पण नियम तास देतो, झोप ज्याची त्याने आणायची. आणि आज नेमकी शेजारच्या काळूरामच्या पोराची हळद!

मागच्या आठवड्यात झोपेच्या गुंगीत दिपिका विमानाच्या दाराची एक तपासणी विसरली. वरिष्ठ बाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. 'थकले आहे, येऊ शकत नाही' असं कळवायची सोय होती, पण तसं तिने या महिन्यात एकदा कळवलं होतं. नोकरी अजून कच्ची. दुसऱ्यांदा कळवलं तर पुढे काय, हे कोणीच सांगत नव्हतं. 

दुपारी एकला काळूरामचा डीजे सुरू झाला. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. बळीराम उठला. शेताच्या बांधावरून भांडण झाल्यापासून चार वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. त्यात हळदीचं वाजवणं थांबवायला सांगणं म्हणजे भावकीत जन्मभराची निंदा. तरी तो गेला आणि मांडवाबाहेर चपला काढून उभा राहिला.

"दादा, पाया परतो. पोरीला रातची ड्युटी हाय. पाच वाजेपर्यंत जरा..."

"चार वर्सांनी आलास, तो डीजे बंद कराया?" काळूराम त्याच्याकडे बघतच राहिला.

हळदीची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण सोनाबाई मध्येच म्हणाली, "बंद करा रं. आमी हाव ना गानी म्हनाला. हलू म्हनू."

डीजे थांबला. भरल्या मांडवात माणसं कुजबुजत बोलू लागली. बळीराम परत खुर्चीत येऊन बसला. त्याला जरा हायसं वाटलं.

पाचला दार उघडलं. दिपिकाचे डोळे लाल होते.

"बाबा, डोळ्याला डोळा नाय लागला."

"आवाज तं बंद केला ना!"

"म्हणूनच. सगळं गाव माझ्यासाठी गप बसलंय. आता तरी झोप, आता तरी झोप, म्हणत घड्याळच बघत रायले."

'जा बाय, एक रात काढ,' हे बळीरामच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती गेली नाही तर इतकी हाजी हाजी वाया जाणार, नोकरीही जाणार. मग त्याला ते विमानाचं दार आठवलं.

"दाराचं ध्यान रायल का आज?"

तिने मान हलवली. नाही.

"मंग कर फोन."

तिने उभ्यानेच फोन लावला. "सर, मी आज फ्लाइटसाठी फिट नाहीये... हो, दुसऱ्यांदा." उद्या अकराला ऑफिसात बोलावणं आलं. ती मटकन पलंगावर बसली.

बळीराम पुन्हा मांडवात गेला. "लाव दादा. पोरगी नाय जात."

"झोपली का पन?"

"नाय."

आता हसणार सगळे, असं त्याला वाटलं. काळूरामने ताटलीतली हळद बोटांवर घेतली आणि त्याच्या दोन्ही गालांना फासली. मग डीजेवाल्याला हात केला.

पहिल्याच ठोक्याला बळीराम घराकडे धावला. काचा थरथरत होत्या. दिपिका आडवी तिडवी पडून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. त्याने तिच्या मुठीतला फोन अलगद काढून घेतला, दार ओढलं आणि खुर्चीत जाऊन बसला.