ऑरिनची शेवटची वीस

"हा साचा परत फळीवर ठेव, ड्यूई. काडतुसाच्या नळीची नुसती मान आवळणारा मी मागितलाच नव्हता."

ड्यूई दुकानदार हसला. "ऑलिव्हबाई, सगळे हाच नेतात. हरणं मारणारे तर दुसरा बघतही नाहीत."

"ते काडतूस स्वतःच्या हाताने दामटून बसवतात. ऑरिनची रायफल आपलं आपण गिळते. काडतुसाची पितळी नळी जाड राहिली तर घशात अडकते, आणि खिट्टी नीट लागायच्या आत काडतूस उडालं तर माणसाचं तोंड जातं. बुडापर्यंत आवळणारा दे. आणि माप बघायचं गेज दे."

त्याने पायरीवालं गेज पुढे केलं.

"हे लांबी सांगतं. पोटाची जाडी कोण मोजणार, तू?"

"शाळा किती झाली हो तुमची?"

"सहावी. तुझ्या बापाला काडतुसं भरायला मीच शिकवलं. विचार त्याला."

दुसरं गेज निघालं, बंदुकीत काडतूस बसतं त्या घराच्या थेट मापाचं. मी पिशवीतून ऑरिनची पेटी काढली. वीस काडतुसं. पहिलं सोडलं, ते अर्ध्यावर थांबलं. दुसरं तसंच. विसातली चौदा बाहेर डोकं काढून बसली. बोटांना मला आधीच कळलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं.

ड्यूईचं हसू गेलं. "ऑरिनने भरलेली? ऑरिन चुकला?"

"तू काही पाहिलं नाहीस. दोन्ही बांध."

ऑरिन, माझा नवरा, फेब्रुवारीत गेला. शनिवारी क्लबात त्याच्या नावाची नेमबाजी होती, आणि आमची लेक मार्लिस त्याच्याच रायफलीने, त्याने भरलेली शेवटची वीस उडवणार होती. साऱ्या खोऱ्याला सांगून बसली होती.

एक्केचाळीस हिवाळे आम्ही दोघं गॅरेजातल्या त्या बाकावर बसलो. तो साच्याच्या यंत्राचा दांडा ओढायचा, मी नळी गेजमध्ये सोडायची. टक्क करून बसली आणि उलटं केल्यावर आपसूक बाहेर पडली, तरच ठेवायची. अडली की मी म्हणायची, "तुझी आणखी एक पोटुशी आली." तो म्हणायचा, "तुझ्या हाताची लाज वाटते तिला." कॉफी गार व्हायची. बाहेर बर्फ खिडकीच्या वर जायचं.

गेल्या हिवाळ्यात मात्र म्हणाला, "तू जा आत, माझं मी करतो." स्वयंपाकघरात मला दांड्याचा आवाज यायचा, टक्क यायचं नाही. त्याने हरणाच्या बंदुकीचा साचा लावला होता. त्याला आता दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे मी बघावं असंही त्याला वाटत नव्हतं. मी पाय आत टाकला नाही. आयुष्यभर सगळ्यांना तोंडावर बोलले, तिथे मात्र गप्प राहिले.

गुरुवारी दुपारी मार्लिसचा फोन आला. "आई, बाबांच्या पेटीला हात लावू नकोस हं. जशी आहे तशी हवी."

"मी काय खाणार आहे का ती?"

"तू सगळं आवरत सुटतेस म्हणून."

फोन ठेवला आणि बाकावर बसले. विसाच्या वीस गोळ्या उपसल्या, दारू काढून पुन्हा तोलली, नळ्या नव्या साच्यातून काढल्या. पितळ त्याचं, दारू त्याची, गोळी त्याची. विसावं काडतूस टक्क म्हणालं तेव्हा माझे खांदे भरून आले होते.

शनिवारी मार्लिसने एकोणीस उडवली. एकही अडलं नाही. पितळ उडत होतं, लोक टोप्या काढून उभे होते. ड्यूई माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मार्लिस रडत माझ्याकडे आली. "बघितलंस? शेवटपर्यंत बाबांचा हात कसा होता!"

माझ्या हातचा साधा ॲपल पाय कोणी दुसरीचा म्हटलं तर मी जेवणातून उठते.

"हो," मी म्हटलं. "असा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

विसावं तिने ठेवून घेतलं. आता ते काचेच्या कपाटात उभं आहे. खाली तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: बाबांनी भरलेलं शेवटचं. दर रविवारी मी काच पुसते, काडतूसही पुसते, आणि चिठ्ठी सरळ करून ठेवते.