डानुटाबाईंची नोंदणी

माझी नोकरी गेली, म्हणून पोलंडच्या डानुटाबाईंचंही काम गेलं. आठवड्यातून तीन तास त्या आमचं जर्मनीतलं, उंटरश्लाइसहाइमचं घर साफ करायच्या. मला बेकारभत्ता मंजूर झाल्याचं कळल्यावर कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनीही तसलाच फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला.

“आल्झो, चला, इथे सही करा. माझी नोंदणी केलीत ना तुम्ही?”

केली होती! ओळखीतले लोक बाईला गुपचूप कामाला ठेवतात म्हणून त्यांच्यावर केवढं तोंडसुख घेतलं होतं मी.

“केली होती. पण मिनीजॉबला, म्हणजे अशा थोड्या तासांच्या कामाला, बेकारीचा विमाच नसतो. मी भरायचा म्हटलं तरी घेत नाहीत.”

“मग नोंदणी कशासाठी?”

“अपघातासाठी.”

“म्हणजे काम करताना मी पडले असते, तर मिळालं असतं?”

“हो,” मी म्हणाले. कायदा काय मी केलाय?

त्यांनी फॉर्मची घडी घातली, तिसऱ्या मजल्यावरची आमची खिडकी उघडली आणि नेहमीसारखी बाहेरून काच पुसायला वाकल्या. मी धावत जाऊन त्यांचा एप्रन घट्ट धरला.

“सोडा,” त्या म्हणाल्या. “विमा आजच्यापुरताच आहे ना?”