पाच बोल्ट आणि अडीची बांगडी

माझा राग नाकावर असतो, हे हदगावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या शाळेत मी हिसाब शिकवीत असे, तोही उर्दूतून. निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं होती आणि तिकडे जर्मनीची लढाई चालू होती. जगातली कोणतीही गोष्ट मोजली की संपली, असं मला तेव्हा वाटायचं.

माझी आई, गोदावरी, तीन वर्षांपासून मोतीबिंदूनं जवळजवळ आंधळी झाली होती. नांदेडच्या दवाखान्यात हैदराबादहून डोळ्यांचे डॉक्टर आठ दिवसांसाठी आल्याची बातमी आमच्यापर्यंत पोचली ती सहाव्या दिवशी. गुरुवारी दुपारी चारच्या आत जे दाखल होतील त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन शुक्रवारी होणार, आणि मग डॉक्टर रेल्वेत बसणार. पुन्हा कधी येतील ते कोणीच सांगत नव्हतं. वडिलांना कचेरीतून रजा मिळेना, म्हणून मी एकटाच आईला घेऊन गुरुवारी पहाटे चांदपाशा ड्रायव्हरच्या उतारू मोटारीत बसलो. नांदेडात फिरायला लागेल म्हणून माझी सायकल टपावर बांधली.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली, तिच्या वायूवर मोटार चालायची, त्यामुळे आतले सगळे तासाभरात काळे व्हायचे. आईच्या पायाशी एका बांगडीवालीनं आपली मोठी टोपली ठेवली होती.

"बाई, ते टपावर टाका," मी म्हणालो.

"टपावर काच फुटंल, मास्तरसाब. मी पाय आवरून बसते, माय बसंल आरामात."

"सांगितलं ना वर टाका!"

टोपली जागची हलली नाही. आईनं वाकून टोपलीवर हात फिरवला. मग आपल्या हातातल्या बांगड्या चाचपत मला विचारलं, "अवधूत, ह्या कोणत्या रंगाच्या हायत रे? दिवाळीला भरलेल्या."

"हिरव्या," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो. हा प्रश्न ती नेहमी विचारायची आणि माझं उत्तर नेहमी हेच असायचं.

बांगडीवालीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं आईला टोपलीतले रंग सांगायला सुरुवात केली. कैरीचा हिरवा, जांभळाच्या सालीचा, मिरची पिकताना होतो तो. आई हसत ऐकत होती. बाईचं नाव वहिदा, हे आईनंच विचारून घेतलं.

साडेनऊच्या सुमारास पुढचं डावं चाक डुलायला लागलं आणि चांदपाशानं मोटार कशीबशी बाजूला घेतली. बोल्टांभोवतीचा पत्रा तडकून चाक निकामी झालं होतं. त्यानं स्टेपनी काढली, चाकाजवळ नेली आणि तसाच उभा राहिला. मोटारीला बोल्ट पाच होते आणि स्टेपनीला भोकं सहा.

"लढाईत मिळंल ते घेऊन ठेवलं, मास्तर. मोजायचं राहून गेलं."

"पाचापर्यंत मोजता येत नाही तुला?" मी असा ओरडलो की रस्त्यापलीकडच्या शेतातली माणसं उभी राहून बघू लागली. "माझी आई आंधळी राहील तुझ्यापायी!"

तीन कोसांवरच्या गावात कापसाची एक जिनिंग होती आणि तिच्या आवारात जुन्या लॉऱ्यांची चाकं पडलेली असत, असं चांदपाशा म्हणाला. मी सायकल उतरवून निघालो. तिथले कारभारी अमृतराव भले माणूस. ढिगाकडे हात करून म्हणाले, "घ्या की. कोणतं पाहिजे?"

"पाच भोकांचं."

"पाचाची लई हायत. माप काय?"

"पाच म्हणजे पाच!" मी म्हणालो आणि वरच्यावर पडलेलं एक उचलून सायकलला बांधलं.

परत आलो तेव्हा बारा वाजत आले होते. चांदपाशानं चाक चढवलं. एक बोल्ट भोकात गेला, दुसरा पत्र्यावर टेकला. फिरवून पाहिलं, ठोकून पाहिलं. भोकं पाचच होती, पण एकमेकांपासून लांब लांब.

आतून आईनं विचारलं, "बसलं का रे?"

चांदपाशानं चाक पुन्हा उतरवलं. पाचापर्यंत मोजता येत नाही का, असं मला कोणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. चांदपाशानं तेवढंही केलं नाही.

मी पिशवीतली फूटपट्टी काढून बोल्टांना लावली. सहा असते तर समोरासमोरचं अंतर घेतलं असतं. पाचांत कोणाच्याच समोर कोणी नाही. कागदावर हे गणित मी झोपेतही केलं असतं, पण तेव्हा घामानं डोळे चुरचुरत होते. मी पट्टी शेतात भिरकावली.

वहिदा खाली उतरली. चाकाच्या जागेसमोर उकिडवी बसली. टोपलीतली एक बांगडी तिनं शेजारशेजारच्या दोन बोल्टांमध्ये धरली. ती डगडगली. दुसरी आत शिरेना. तिसरी दोघांमध्ये अशी बसली की ना हलली ना अडकली.

"अडीची," तिनं बांगडीचं माप सांगितलं. "मास्तरसाब, मी हात गोल मोजत नस्ते. बांगडी ज्या दोन हाडांतून पार व्हायची, तेवढंच बघते. ज्या चाकाच्या दोन भोकांमधी ही अशीच बसंल, ते आना."

तिनं चिंधीत गुंडाळून त्याच मापाच्या दोन बांगड्या दिल्या.

"दोन कशाला?"

"एक फुटली तर एक ऱ्हाईल."

"फुटली म्हनू नये गं, वाढवली म्हनावं," आतून आईचा आवाज आला, आणि इतक्या उन्हात, इतक्या काळजीत आम्ही तिघंही हसलो.

बांगड्या टोपीत ठेवून मी निघालो. गाडीवाटेच्या चाकोरीत सायकल घसरली, गुडघा फुटला. टोपी आधी चाचपली. एक बांगडी वाढवली होती, दुसरी शाबूत होती. तिथून पुढे मी टोपी एका हातात धरून सायकल चालवली.

जिनिंगच्या आवारात मी गुडघ्यांवर बसलो आणि एकेका चाकाच्या दोन भोकांमध्ये बांगडी लावून पाहू लागलो. अमृतराव हसायला लागले. "मास्तर, चाकाला बांगड्या भरून राहिलात का?"

एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी म्हणालो, "हाव. आईचे डोळे हायत त्यात."

त्यांचं हसू थांबलं. तेही उन्हात बसून चाकं उलटीपालटी करू लागले. अकरावं चाक बसलं.

ते चाक मोटारीला चढवताना मी श्वास रोखून उभा होतो. पाचही बोल्ट एकदम आत गेले. चांदपाशानं नट आवळले, बांगडीवालीला सलाम केला आणि भट्टीत कोळसा टाकला. चाराला दहा मिनिटं कमी असताना आई दवाखान्याच्या वहीत दाखल झाली. त्या धांदलीत मी मागे वळूनही पाहिलं नाही. वहिदाला मी आभाराचा एक शब्दही बोललो नव्हतो.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी डोळ्यांची पट्टी निघाली. जाड भिंगाचा चष्मा लावून आईनं आधी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलास रे." मग आपले हात डोळ्यांपुढे धरले. बराच वेळ धरून ठेवले.

"अवधूत, ह्या निळ्या हायत."

मला तोंड वर करवेना. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्या बाईला घेऊन ये. मला तिला बघायचंय."

बांगडीवाल्यांच्या गल्लीत दोन दिवस विचारत फिरलो तेव्हा वहिदा सापडली. मी टोपीतून तिची बांगडी काढून तिच्या टोपलीत ठेवली आणि भर गल्लीत हात जोडले. "वहिदाबी, टोपली वर टाका म्हणालो, त्याची माफी करा. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"चला, माय वाट बघत असंल," असं म्हणून तिनं टोपली उचलली. ती मी तिच्या डोक्यावरून उतरवून माझ्या डोक्यावर घेतली.

आईनं तिला डोळे भरून पाहिलं. मग टोपलीतले रंग पाहिले. "तू सांगितलेस तसेच हायत गं सगळे." मग तीच अडीची बांगडी उचलून म्हणाली, "मला हीच भर."

"तुमच्या हाताला मोठी हुईल, माय. ही मोटारीच्या मापाची."

तरी आईनं हट्टानं ती भरून घेतली. मनगटावर ढिली लोंबणारी ती बांगडी तिनं माझ्यापुढे केली. "सांग बरं, हिचा रंग कोणता?"

आता तिला दिसत होतं, तरी विचारत होती. मी तिच्या पलंगापाशी बसलो, तिचा हात माझ्या हातात घेतला, उजेडाकडे वळवून नीट पाहिला आणि मग उत्तर दिलं.